टीबी निघाला नाही म्हणून घरी पाठवू नका: आरोग्य खात्याला एका स्क्लेरोडर्माच्या पेशंटचं खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, खात्याचे सचिव, आणि योजनेत काय बसतं काय बसत नाही हे ठरवणारे सगळे अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मला स्क्लेरोडर्मा आहे, म्हणजे कातडी कडक करणारा, संधिवाताच्या घराण्यातला एक आजार, आणि त्यातून फुप्फुसाला आयएलडी झालाय, म्हणजे फुप्फुस आतून सुजून कडक होत जातं. गावात सगळे ‘वात’ म्हणतात. वात म्हटलं की लोकांना सांधे दिसतात, गुडघे दिसतात, फुप्फुस कोणालाच दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्या खात्यालाही दिसत नाही, म्हणून हे पत्र.

लिहायला कारण घडलं ते असं. आमच्याकडे टीबीचं शिबिर झालं, एक्सरेचं मशीन गावात आलं होतं, आशाताईंनी आणि मी घरोघर फिरून लोकांना आणलं. त्यात एक ऊसतोडीला जाणारी बाई आली, कोरडा खोकला, हंडा घेऊन येताना मधे दोनदा टेकावं लागतं म्हणाली. एक्सरेत खालच्या बाजूला दोन्हीकडं धूसर दिसलं, थुंकी तपासायला गेली, टीबी निघाला नाही. मग तिला सांगितलं, बाई तुला टीबी नाही, जा घरी, काळजी करू नको. ती खूश होऊन गेली सुद्धा. मी तिचे हात बघितले होते. बोटांची टोकं निमुळती झालेली, कातडी ताणलेली आणि चकचकीत, एका बोटाच्या टोकाला सुकलेल्या जखमेचा खड्डा, मूठ पूर्ण मिटत नव्हती. थंडीत बोटं पांढरी पडतात का विचारलं तर म्हणे पडतात, मग निळी होतात, मग लाल होऊन ठणकतात, कोयत्यानं होत असेल वाटलं. त्या शिबिरात कोणाची चूक नव्हती हो. तिथल्या सिस्टरनी त्यांना जे सांगितलं होतं ते नीट केलं. पण त्यांना टीबी शोधायला सांगितलं होतं, टीबी नसेल तर पुढं काय हे कोणीच सांगितलं नव्हतं.

आधी आजार काय आहे ते थोडं सांगते, कारण हे पत्र गावातल्या बायकांनीही वाचावं अशी इच्छा आहे. आपलं शरीर बाहेरच्या जंतूंशी लढतं ती ताकद या आजारांत उलटी फिरते आणि आपल्याच अंगावर येते. स्क्लेरोडर्मा, र्‍हुमॅटॉइड म्हणजे आमवात, ल्युपस, मायोसायटिस म्हणजे स्नायूंची सूज, शोग्रेन्स, मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज, हे सगळे त्यातलेच. बायकांना जास्त होतात. फुप्फुसात हवेच्या पिशव्या आणि रक्त यांच्यामधे जो अगदी पातळ पडदा असतो तो सुजतो, मग जाड होतो, मग त्याचा व्रण होतो, फायब्रोसिस म्हणतात ते. सूज असेपर्यंत औषधानं काही मागं येतं. एकदा व्रण झाला की ती जागा परत मिळत नाही, फक्त आहे ते टिकवायचं. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे. उशीर झाला तर नंतर कितीही पैसा ओतला तरी ते फुप्फुस परत येत नाही.

आणि हे कुठंतरी एखाद्याला होतं असं नाही. स्क्लेरोडर्माच्या पेशंटच्या मृत्यूचं आज सगळ्यात मोठं कारण फुप्फुस आहे, एक तर हा आयएलडी नाहीतर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधलं वाढलेलं प्रेशर. आमवात तर प्रत्येक गावात चारदोन बायकांना असतोच, त्यातल्या साधारण दहातल्या एकीला त्रास देईल असा आयएलडी होऊ शकतो. भारतात आयएलडीची एक रजिस्ट्री, म्हणजे पेशंटची नोंदवही, झाली होती, २०१७ साली प्रसिद्ध झाली, १९ शहरांतल्या २७ केंद्रांवरचे १०८४ पेशंट, त्यात जवळपास १४ टक्के आमच्यासारख्या आजारातून आलेले. म्हणजे शहरातल्या मोठ्या केंद्रापर्यंत जे पोचले त्यातले एवढे. ती ऊसतोडीची बाई कुठल्या रजिस्ट्रीत असणार?

आता माझ्या तक्रारी. एकेक करून सांगते.

पहिली तक्रार टीबीचीच. आपल्याकडे खोकला आणि एक्सरेत डाग म्हटलं की टीबी, हे इतकं पक्कं बसलंय की मला एका खाजगी डॉक्टरांनी थुंकीत काही नसताना टीबीच्या गोळ्यांचा अख्खा कोर्स दिला. लघवी लाल व्हायची, जेवण जायचं नाही, आणि दम तेवढाच, उलट वाढत चालला. तेव्हा मी मुलांकडून बडबडगीत म्हणून घ्यायचे तर दुसऱ्या ओळीला थांबावं लागायचं, मुलं माझ्याकडं बघत बसायची. त्या सगळ्या काळात आत सूज होती, औषध मिळालं असतं तर काही भाग वाचला असता, आणि तो काळ टीबीच्या गोळ्यांत गेला. आमच्या पेशंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीही नवीन बाई आली की तिची कहाणी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. टीबीची मोहीम जोरात चालू आहे, चालूच राहावी, मी स्वतः तिच्यासाठी उन्हात फिरलेय. पण टीबी निगेटिव्ह आला की फाइल बंद, हे चालणार नाही. खोकला आहे, दम आहे, एक्सरे खराब आहे आणि टीबी नाही, मग आहे काय? हा प्रश्न विचारायची जबाबदारी कोणाची ते लिहून द्या.

दुसरी तक्रार एक्सरेवर भागवण्याची. सुरुवातीचा आयएलडी साध्या एक्सरेत कितीतरी वेळा दिसतच नाही. एक्सरे नॉर्मल आहे म्हणून मला कितीजणांनी परत पाठवलं, वजन वाढलंय, रक्त कमी आहे, टेन्शन घेता, हे सगळं ऐकून झालं. शेवटी एका डॉक्टर मॅडमनी मला पाठमोरं बसवलं, स्टेथोस्कोप पाठीवर अगदी खाली लावला, लांब श्वास घ्या म्हणाल्या, परत घ्या म्हणाल्या, आणि मला सांगितलं की मुलांच्या दप्तराची चिकटपट्टी ओढून उघडताना येतो तसा आवाज येतोय. त्याला एक पैसा लागला नाही. फक्त पाठीला खाली कान लावावा लागतो आणि हात बघावे लागतात. मग छातीचा एचआरसीटी म्हणजे बारीक सीटी स्कॅन आणि पीएफटी म्हणजे फुप्फुसाच्या ताकदीची तपासणी झाली, रक्तात एएनए आणि एससीएल ७० या आजाराच्या खुणा पॉझिटिव्ह आल्या, आणि निदान झालं.

अमेरिकेतल्या संधिवाताच्या आणि छातीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०२४ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना छापल्यात. ज्यांना धोका जास्त आहे त्यांचा एचआरसीटी आणि पीएफटी करा, नुसत्या एक्सरेवर स्क्रीनिंग करू नका असं त्यात आहे. आणि आयएलडी निघाला की स्क्लेरोडर्मा आणि मायोसायटिसवाल्यांची पीएफटी पहिल्या वर्षी दर ३ ते ६ महिन्यांनी करायला सांगितलीय. आता आमच्याकडं बघा. साधं फुंकायचं मशीन, स्पायरोमेट्री, काही ठिकाणी आहे. पण डीएलसीओ म्हणून एक टेस्ट असते, त्यात अगदी थोडा गॅस श्वासात देऊन तो रक्तात किती उतरतो ते मोजतात, या आजारात ती फार महत्त्वाची, कारण फुंकर नॉर्मल असताना सुद्धा डीएलसीओ घसरलेली असू शकते. ती करायला मला जिल्हा ओलांडून जावं लागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निदान तेवढं तरी परवडतं. मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन, मुक्काम करून एक ऊसतोडीची बाई वर्षातून दोनतीनदा हे करेल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

एक छोटी गोष्ट इथंच सांगून टाकते कारण ती कुठंच सांगितलेली दिसत नाही. कोरोनात ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ मध्ये घरोघर ऑक्सिमीटर आले, तेच अजून बऱ्याच ठिकाणी वापरात आहेत. आमची बोटं थंड आणि पांढरी पडलेली असतात, रक्त टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळं बोटावरचं रीडिंग चुकतं, कधी येतच नाही, कधी भलतंच कमी येतं. माझं एकदा इतकं कमी आलं की सिस्टर घाबरून गेल्या आणि घरच्यांनी रडायला सुरुवात केली. हात चोळून ऊब द्यावी आणि तरी जमलं नाही तर कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचा वेगळा सेन्सर मिळतो तो वापरावा. एवढं साधं प्रशिक्षणात सांगता येणार नाही का?

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आणि तीच माझ्या जिवाशी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू केलीत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच दिलंत. मी स्वतः गावातल्या लोकांना कार्ड काढायला नेलंय. पण ही योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटची आहे. माझा आजार भरतीचा नाही, तो रोजच्या गोळीचा आहे. मी कार्ड घेऊन गेले तेव्हा तिथले आरोग्यमित्र चांगल्या मनानं म्हणाले, ताई, ॲडमिट असाल तर बघता येईल, घरी घ्यायच्या गोळ्या यात नाही बसत. म्हणजे ज्या गोळीनं मी ॲडमिट होणार नाही ती गोळी मी माझ्या मानधनातून घ्यायची, आणि ती परवडली नाही, फुप्फुस गेलं, आयसीयूत गेले, की मग शासन लाखो रुपये देणार. हा हिशोब कोणी केला?

औषध नाही असंही नाही हो. मायकोफेनोलेट म्हणून गोळी आहे, अंगावर उलटलेली प्रतिकारशक्ती दाबणारी. २०१६ साली एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात ती २ वर्षं दिली आणि जुनं सायक्लोफॉस्फामाइड १ वर्ष दिलं, दोन्हीकडं फुप्फुस साधारण सारखंच सुधारलं पण मायकोफेनोलेटचा त्रास कमी. २०१९ मध्ये निन्टेडॅनिब या दुसऱ्या गोळीचा अभ्यास आला, त्यात वर्षभरात फुप्फुसाची क्षमता घसरण्याचा वेग साधारण ४४ टक्क्यांनी कमी झाला. त्यानं बरं होत नाही, दमही लगेच कमी होत नाही, फक्त घसरण हळू होते, आणि जुलाब होतात, हे मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण घसरण हळू होणं म्हणजे आमच्यासाठी मुलांच्या शाळेची वर्षं असतात. आता त्याची आपल्याकडची जेनेरिक आहेत, आधीपेक्षा स्वस्त आहेत, तरी अंगणवाडीच्या मानधनात दर महिन्याला नाही बसत, आणि गोळी सुरू असताना रक्त तपासत राहावं लागतं तो खर्च वेगळा. ग्रुपवरच्या बायका काय करतात माहितीय का, गोळ्या अर्ध्या करतात. एक दिवसाआड घेतात. महिना पुरवायचा म्हणून. डॉक्टरांना सांगत नाहीत, मग डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही.

आणि पैसे नसले की बाई कुठं जाते, तर वाताच्या पुड्यांकडं. त्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, दोन दिवसांत अंग मोकळं होतं म्हणून लोक नाव घेतात. स्क्लेरोडर्मात जास्त स्टेरॉइडनं किडनीवर अचानक संकट येऊ शकतं, बीपी एकदम चढतं. आमच्या आजाराच्या फुप्फुसासाठी पहिलं औषध म्हणून स्टेरॉइड देऊ नका असं आता त्या सूचनांमध्येच आहे. हे पुडीवाल्याला कोण सांगणार? उलटं, मायोसायटिसचा एक प्रकार, एमडीए५ म्हणतात, त्यात फुप्फुस काही आठवड्यांत जाऊ शकतं आणि तिथं स्टेरॉइडसकट लगेच जोरात औषधं द्यावी लागतात. म्हणजे एकाच ‘वातात’ एकीला जे वाचवतं ते दुसरीला घातक. म्हणून म्हणते हे काम तज्ज्ञाचं आहे, आणि संधिवाताचे तज्ज्ञ मोठ्या शहरांच्या बाहेर जवळजवळ नाहीत. छातीचे डॉक्टर एका गावी, संधिवाताचे दुसऱ्या, आणि मी मधे एसटीत फाइल मांडीवर घेऊन, एकाचा निरोप दुसऱ्याला सांगत.

अजून दोन गोष्टी आहेत. लस. अंगणवाडीत मी स्वतः बाळांना दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांची न्यूमोनियाची पीसीव्ही द्यायला आयांना बोलावून आणते, मोफत असते. माझी प्रतिकारशक्ती औषधानं दाबलेली, फुप्फुस आधीच अर्धं, मला साधा न्यूमोनिया झाला तर उठणं कठीण, पण मोठ्यांना ही लस विकत घ्यावी लागते, फ्लूची पण.

आणि ऑक्सिजन. ज्यांचा आजार पुढं गेलाय त्यांना घरी रोज कितीतरी तास ऑक्सिजन लागतो. २०२१ मध्ये पीएम केअर्समधून देशासाठी १ लाख पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीन्स, मंजूर झाले होते, त्याशिवाय किती संस्थांनी दिले. एका ग्रामीण दवाखान्याच्या स्टोअरमध्ये मी प्लॅस्टिक सुद्धा न काढलेली मशीन्स बघितलीत, आणि त्याच तालुक्यातली एक बाई भाड्याच्या मशीनचे पैसे भरायला कानातलं मोडून आली. दिव्यांगांचा २०१६ चा कायदा २१ प्रकार मानतो, त्यात थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे, असायलाच पाहिजेत, पण ज्या बाईला नाकात नळी लावून न्हाणीपर्यंत चालता येत नाही तिचा आजार त्या यादीत नाही. कायदा केंद्राचा आहे हे मला कळतं. राज्य शिफारस तर करू शकतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत त्याचा आम्हाला खरंच फायदा झाला, केसपेपरला सुद्धा पैसे लागत नाहीत. म्हणून माझा विश्वास आहे की मनावर घेतलं तर हे होण्यासारखं आहे. मी काही नवीन हॉस्पिटल बांधा म्हणत नाहीये. मागण्या सरळ आहेत:

१. टीबीच्या प्रत्येक शिबिरात आणि ओपीडीत, टीबी नाही पण खोकला, दम किंवा एक्सरे खराब अशा माणसाला पुढची चिठ्ठी मिळालीच पाहिजे. त्या चिठ्ठीवर चार गोष्टी बघून लिहायच्या: थंडीत बोटं पांढरी पडतात का, बोटांची कातडी कडक आहे का किंवा टोकाला जखमा आहेत का, सकाळी सांधे आखडतात का, पाठीवर खाली तो आवाज येतो का. सीएचओ म्हणजे उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी, सिस्टर, आशाताई, सगळ्यांना हे एका दिवसात शिकवता येतं. आम्हा सेविकांनाही शिकवा, आम्ही रोज घरोघर असतो.

२. प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डीएलसीओसकट पीएफटी, आणि चिठ्ठीवाल्या पेशंटचा एचआरसीटी आणि एएनए मोफत, महिन्याच्या आत.

३. योजनेत भरतीची अट काढून या आजाराच्या घरी घ्यायच्या गोळ्या बसवा, मायकोफेनोलेट, निन्टेडॅनिब आणि डॉक्टर जे लिहितील ते, त्यासोबतच्या रक्ताच्या तपासण्या धरून. योजनेत बसवता येत नसतील तर सिव्हिलमधून महिन्याच्या महिन्याला द्या, एचआयव्हीच्या आणि टीबीच्या गोळ्या देताच ना. आणि मायकोफेनोलेट गरोदरपणात चालत नाही, हे तरुण बायकांना गोळी हातात देतानाच सांगितलं जावं, आमच्या ग्रुपमध्ये एकीला ते फार उशिरा कळलं.

४. महिन्यातून एक दिवस प्रत्येक जिल्ह्यात संधिवात आणि छातीचे डॉक्टर एकाच खोलीत एकत्र बसावेत. मेडिकल कॉलेजमधून आणा, प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर व्हिडिओवर, पण दोघं एकाच वेळी आणि पेशंट समोर असताना.

५. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या मोठ्या पेशंटना न्यूमोनियाची आणि फ्लूची लस मोफत.

६. पडून असलेल्या ऑक्सिजन मशीनची जिल्हावार यादी जाहीर करा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती घरी वापरायला द्या. ज्या घरी हे मशीन आहे त्या घराची लाईट तोडण्याआधी कळवावं असा आदेशही निघाला पाहिजे.

७. दीर्घकाळ ऑक्सिजनवर असलेल्या फुप्फुसाच्या पेशंटना दिव्यांगांच्या यादीत घ्यावं अशी शिफारस राज्यानं केंद्राकडं करावी.

त्या ऊसतोडीच्या बाईला मी एचआरसीटीसाठी नेलं होतं. आयएलडी आहे, सुरुवातीचा आहे, गोळ्या लिहून दिल्यात. पहिल्या महिन्याच्या आम्ही सेविकांनी वर्गणी काढून आणल्या, दुसऱ्या महिन्याचं अजून जमलेलं नाही, आणि टोळी कारखान्याला जायची वेळ आलीय. तिसऱ्या मागणीची घाई का आहे ते यावरून लक्षात यावं.

या सात मागण्यांवर मला लेखी उत्तर हवंय. कुठली मान्य, कुठली नाही, नाही तर का नाही, आणि मान्य असेल तर कुठल्या तारखेपासून. उत्तर जीआरच्या रूपात आलं तर उत्तमच. मी ते आमच्या ग्रुपवर आणि गावच्या चावडीवर लावेन.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका, स्क्लेरोडर्मा आणि आयएलडीची पेशंट, मराठवाडा